राजगड : एका राजधानीची बांधणी
(प्रस्तावना)

राजगडावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यातले बहुतेक लेखन दोन प्रकारचे आहे. पहिले शिवचरित्राच्या अंगाने जाणारे. त्यात १६५९ मध्ये सईबाईंचा झालेला मृत्यू येतो, त्याच वर्षी अफजलखानाच्या मोहिमेसाठी महाराजांनी सोडलेला गड येतो, १६६६ मध्ये आग्र्याहून सुटून परतलेले महाराज येतात आणि १६७० मधला राजारामांचा जन्मही येतो. दुसरे लेखन भटक्यांच्या उपयोगाचे. गुंजवण्याहून चोरदरवाजाची वाट किती खडी, पाली दरवाजाने चढायला किती वेळ, उन्हाळ्यात कुठल्या टाक्याचे पाणी चालते, हे त्यात मिळते. दोन्ही हवेच. पण या दोहोंच्या मध्ये खुद्द गड राहून जातो. घटना घडल्या ती जागा एवढेच त्याचे काम, नाहीतर चढून जाण्याचे एक ठिकाण एवढीच त्याची ओळख. तो कुणीतरी विचार करून, पैसे मोजून, माणसे राबवून बांधला. कुठे तट घालायचा आणि कुठे कडाच पुरे म्हणायचे, दरवाजा कुठल्या सोंडेवर ठेवायचा, पाणी कुठे अडवायचे, याचे निर्णय कुणीतरी घेतले, ही बाजू क्वचितच पुढे येते. हे पुस्तक त्या बाजूचे आहे.

असे पुस्तक लिहिण्याला एक कारण आहे. रायगडाच्या जगदीश्वर मंदिराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकराचे नाव कोरलेले आहे. राजगडाच्या बांधणाऱ्याचे नाव असे कुठे कोरलेले दिसत नाही. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ मध्ये जिंजीला बसून बखर लिहिली. मुरुंबदेवाचा डोंगर वसवून त्याला राजगड नाव दिले आणि माच्या वसवल्या, एवढे तो सांगतो आणि पुढे जातो. म्हणजे गड कसा बांधला हे विचारायचे तर ते गडालाच विचारावे लागते. तट हेच इथले दफ्तर, आणि त्यातली पाने अजून बरीचशी शाबूत आहेत.

आधी जागा पाहू. भोरच्या वायव्येला सुमारे २४ किलोमीटरवर हा डोंगर उभा आहे. त्याच्या उत्तरेला गुंजवणी नदीचे खोरे, दक्षिणेला वेळवंडीचे. उत्तर पायथ्याची गुंजवणे, पाली, वाजेघर ही गावे वेल्हे तालुक्यातली, आणि या तालुक्याला आता राजगडाचेच नाव मिळाले आहे. दक्षिणेकडून भुतोंड्याच्या बाजूने चढावे तर आपण भोर तालुक्यातून, भाटघर धरणाच्या फुगवट्याच्या काठाने येतो. पश्चिमेला एक लांबलचक डोंगरधार निघते आणि ती थेट तोरण्याच्या बुधला माचीला जाऊन भिडते. पुण्याहून कोकणात उतरणाऱ्या घाटवाटा या गडापासून हाकेच्या अंतरावर नाहीत, पण त्यांच्याकडे जाणारी खोरी गडाच्या नजरेखाली आहेत. मावळातल्या देशमुखांच्या वतनांची जागाही हीच. गुंजण मावळात शिळीमकर, हिरडस मावळात बांदल, रोहिड खोऱ्यात कारीचे जेधे. स्वराज्याचा पहिला डाव ज्या माणसांच्या बळावर मांडला गेला, त्यांच्या घरांच्या अगदी मधोमध ही राजधानी आली. त्यांच्यापासून दूर कुठे तरी सुरक्षित बसून मावळ सांभाळता आले नसते.

तोरणा आधी हाती आला आणि तिथे सापडलेल्या धनातून राजगड उभा राहिला, ही गोष्ट प्रत्येक मराठी मुलाने शाळेत ऐकलेली असते. तोरणा उंचीने मोठा, समुद्रसपाटीपासून १,४०३ मीटर, पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला. मग राजधानी तिथे का केली नाही? तोरण्यावर उभे राहून पाहिले की उत्तर मिळते. वर सपाट जागा तुटपुंजी, माच्या अरुंद, चढ जीवघेणा. पहारा ठेवायला, संकटकाळी आसरा घ्यायला तो उत्तम. पण रोज सदर भरवायची, कारकून बसवायचे, घोडी बांधायची, धान्य साठवायचे, बायकामुलांचे बिऱ्हाड थाटायचे, त्यासाठी त्याहून ऐसपैस जागा हवी. मुरुंबदेवाच्या डोंगरावर ती होती. १६४० च्या दशकाच्या अखेरीस बांधकामाला हात लागला आणि पुढची जवळजवळ पंचवीस वर्षे, कारभार रायगडावर हलेपर्यंत, स्वराज्य इथून चालले.

आता डोंगराकडे वळू, कारण राजगडाचा पहिला गवंडी तोच. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर बसून झाला. कठीण थर झिजत नाही, तिथे कातळकडा उभा राहतो. मऊ थर झिजतो, तिथे कड्याच्या पायाशी सपाटी तयार होते. राजगडावर हे चित्र लख्ख दिसते. मध्ये बालेकिल्ल्याचा कातळ सरळ वर गेलेला, आणि त्याच्या पायथ्याशी तीन बाजूंना पसरलेल्या सोंडा. उत्तरेची सोंड रुंद, ती पद्मावती माची. पूर्वेकडची सुवेळा आणि पश्चिमेकडची संजीवनी या दोन्ही लांब आणि निमुळत्या. सुवेळा माचीवरचे नेढे, म्हणजे कातळाला आरपार पडलेले ते भोक, हेही याच झिजेचे काम. बांधणाऱ्याने या डोंगराशी भांडण केले नाही. जिथे कडा तुटलेला आहे तिथे एक दगडही वाया घालवला नाही, आणि जिथे उतार मावळला आहे, माणूस चढू शकेल अशी जागा आहे, तिथे सगळी ताकद लावली. गडाच्या नकाशावर तट कुठे आहे आणि कुठे नाही एवढेच रंगवले, तरी शत्रू कुठून येऊ शकत होता याचा आराखडा तयार होतो.

सोंड ही डोंगरी किल्ल्याची जुनी दुखरी जागा. कडा चढून येणे अवघड, पण सोंडेवरून शत्रू चालत येतो, तोफा ओढून आणतो. शेजारी दुसरे शिखर असेल तर धोका दुप्पट. पुरंदरच्या बाबतीत हेच झाले. १६६५ च्या एप्रिलमध्ये मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखानाने आधी शेजारचा वज्रगड घेतला, आणि तिथून पुरंदर माऱ्यात आला. राजगडावर सोंडा मोकळ्या ठेवल्या असत्या तर बालेकिल्ला कितीही उंच असला तरी त्याची गत तीच झाली असती. इथे केले ते असे, की सोंडाच किल्ल्यात घेतल्या. प्रत्येक माचीला स्वतःचा तट, स्वतःचे बुरूज, स्वतःचे पाणी, स्वतःचा दरवाजा. एक माची पडली तर दुसरी लढू शकते, तिन्ही पडल्या तर बालेकिल्ला उरतो. शाहूंच्या काळात गडाच्या बंदोबस्ताचा खर्च सुवेळा आणि संजीवनी माचीसाठी वेगवेगळा लावलेला आढळतो. म्हणजे नंतरचा कारभारही या माच्यांकडे वेगवेगळे किल्ले म्हणूनच पाहत होता.

यातली संजीवनी माची सावकाश पाहावी अशी आहे. लांबी सुमारे अडीच किलोमीटर, आणि ती एका पातळीवर नाही. तीन टप्प्यांनी उतरत पश्चिमेला जाते. नुसते टोकापर्यंत चालत गेले तर कडेचा तट, लांबवर तोरणा आणि खाली खोरे एवढेच दिसेल. मध्ये थांबून कडेशी जावे. तिथे एक तट आहे आणि त्याच्या बाहेर, थोडा खाली, आणखी एक तट आहे. या दोहोंच्या मध्ये जेमतेम माणूस जाईल एवढी खोल फट. आतल्या तटातल्या दिंडीतून वाकून शिरायचे, अंधारात चार-सहा अरुंद पायऱ्या उतरायच्या, आणि आपण बाहेरच्या बुरुजात पोहोचतो. पायऱ्या मुद्दाम उंच आणि वाट मुद्दाम वळणाची. दोघे शेजारी शेजारी चालू शकत नाहीत, तलवार उगारायला वर जागा नाही. समजा शत्रूने तोफा लावून बाहेरचा तट फोडला आणि तो आत आला. तो येतो या फटीत, आणि डोक्यावर उभा असतो आतला तट. फटीत मागे वळायला जागा नाही, वर चढायला आधार नाही. बुरुजालाही असेच दुसरे कवच आहे, म्हणून त्याला चिलखती बुरूज म्हणतात. दिंडी आतून दगड टाकून बुजवली की बाहेरचा बुरूज शत्रूच्या हाती जाऊनही त्याला त्याचा काही उपयोग नाही. तटाच्या जंग्या पाहताना त्यांतून स्वतः डोकवावे. काहींचा रोख लांब सोंडेवर आहे, काहींचा थेट पायाशी, कारण तटाला चिकटलेल्या माणसालाही टिपायचे होते. थोड्या थोड्या अंतरावर पाण्याची टाकी आहेत आणि तटात बांधलेले शौचकूपही आहेत. पहाऱ्यावरच्या माणसाला कशासाठीही जागा सोडावी लागू नये, हा हिशेब त्यामागे आहे. युद्धशास्त्राच्या पुस्तकात शौचकुपाला जागा मिळत नाही. गड बांधणाऱ्याने ती दिली.

दरवाजांची गोष्टही अशीच उद्देशाने भरलेली. पाली दरवाजा हा राजमार्ग. वाट रुंद, पायऱ्या ऐसपैस, पहिला दरवाजा इतका उंच की अंबारीसकट हत्ती जाईल असे सांगतात. मग थोडे चढल्यावर दुसरा दरवाजा, त्याच्या दोन्ही अंगांना बुरूज, आत पहारेकऱ्यांच्या देवड्या. गुंजवणे दरवाजा म्हणजे एकामागून एक अशा तीन दारांची रांग. पहिले फोडून आत आले की पुढच्या दाराच्या माऱ्यात उभे राहावे लागते. संजीवनी माचीचा आळू दरवाजा भुतोंड्याच्या बाजूला उतरतो. त्याच्या कमानीवर वाघाने सांबराला उताणे पाडल्याचे शिल्प आहे, आणि वर जाणाऱ्यांपैकी फार थोडे जण मान वर करून ते पाहतात. पद्मावती माचीवरचा चोरदरवाजा आज सर्वांत गजबजलेला, कारण गुंजवण्याहून तो जवळ पडतो. पण कातळात पावले रोवत ज्या वाटेने आज शेकडो लोक रेलिंग धरून चढतात, ती वाट कुणाला कळू नये म्हणून होती.

रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास आज्ञापत्र लिहिले. त्यातले किल्ल्यांवरचे प्रकरण राजगडावर उभे राहून वाचावे. किल्ल्याला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष, म्हणून दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या ठेवाव्यात, रोज लागणाऱ्या तेवढ्या उघड्या ठेवून बाकीच्या चिणून घ्याव्यात. जवळच दुसरा डोंगर असेल तर त्याचा बंदोबस्त करावा. आणि सगळ्याच्या आधी पाणी पाहावे, मग किल्ला बांधावा, असा त्याचा आशय. अमात्यांनी लिहिले ते नियम त्यांच्या डोक्यातून एका रात्रीत निघालेले नाहीत. राजगडासारखे गड बांधताना आणि लढवताना जे कळले ते त्यांनी लिहून ठेवले. आज्ञापत्र म्हणजे या तटांचे गद्य आहे, असे मला वाटते.

पाण्याची सोय पाहिली की याची खात्री पटते. पद्मावती माचीवरचे मोठे तळे, बालेकिल्ल्यावरचे चंद्रतळे, आणि माच्यांवर कड्याकडेने खोदलेली टाकी. तटाला दगड लागतो तो वरचाच खडक फोडून काढायचा आणि पडलेल्या खड्ड्याचे टाके करायचे, ही मराठा गडांवरची पद्धत. एकाच घणाच्या घावात भिंत आणि पाणी दोन्ही. दगड खालून वाहून आणण्याचा खर्च वाचला, आणि पावसाळ्यात कोसळणाऱ्या पाण्याला जागा मिळाली. चुना मात्र मळावा लागला, आणि तो जिथे बेताने वापरला आहे तिथे नीट घडवून एकमेकांत बसवलेले दगड स्वतःच्या वजनावर उभे आहेत.

पद्मावती माची हे राजधानीचे नांदते घर होते. पद्मावतीचे देऊळ, रामेश्वराचे देऊळ, सईबाईंची समाधी, सदर, दारूकोठार, वाड्यांची जोती. ही जोती पाहून पुष्कळांची निराशा होते. राजाचा वाडा एवढाच? हो, एवढाच. इथे राज्य घडत होते, आणि घडत्या राज्याला वाड्यावर खर्च करायला ना पैसा असतो ना वेळ. जे होते ते तटात गेले. पुढे १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला तो रायगडावर, आणि सिंहासनाला शोभेल असा थाट तिथे आहे. राजगडाच्या साध्या जोत्यांमध्ये मात्र १६६४ ची सुरतेची मोहीम ठरली, पुरंदरच्या तहाचा घोट पचवला गेला, आणि १६७० च्या फेब्रुवारीत तानाजी मालुसरे सिंहगडावर गेले.

बालेकिल्ला शेवटचा आसरा. चढण इतकी उभी की काही ठिकाणी कातळात कोरलेल्या खोबणींत हात घालूनच वर जावे लागते. महादरवाजा सुमारे सहा मीटर उंच, त्यावर कमळ आणि स्वस्तिक. चढणाऱ्याला दरवाजा दिसतो तेव्हा त्याला धाप लागलेली असते आणि हातात शस्त्र धरायला मोकळा हात नसतो. बांधणाऱ्याला हेच हवे होते. वर जननी आणि ब्रह्मर्षीची देवळे, चंद्रतळे, आणि चौफेर नजर. हवा स्वच्छ असेल तर सिंहगड, पुरंदर, तोरणा एका फेरीत दिसतात. राजधानीच्या माथ्यावरून राज्याच्या ठाण्यांवर नजर ठेवणे म्हणजे काय, ते इथे कुणी समजावून सांगावे लागत नाही.

या बांधणीची तुलना जगातल्या दुसऱ्या कुठल्या किल्ल्याशी करायची तर मला इटलीतला सान लिओ आठवतो. रिमिनीच्या आतल्या बाजूला, मोंतेफेल्त्रोच्या डोंगराळ मुलखात एका तुटक्या सुळक्यावर तो उभा आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात उर्बिनोचा सरदार फेदेरिको दा मोंतेफेल्त्रो याच्यासाठी सिएनाचा स्थपती फ्रांचेस्को दि जॉर्जो मार्तिनी याने तो नव्याने बांधला. तीन बाजूंना कडा, म्हणून तिथे नाममात्र भिंत. जिकडून चढता येते त्या एका बाजूला दोन जाडजूड गोल बुरूज आणि मध्ये कोन काढलेला तट. डोंगराने दिले तेवढे घ्यायचे आणि उरलेल्या बाजूला सारे बळ एकवटायचे, ही रीत दोन्हीकडे एकच. राजगडाच्या बांधणाऱ्याने सान लिओचे नावही ऐकले नसेल. कातळ सारखा असला की माणसेही सारखाच विचार करतात, एवढेच त्यातून कळते.

फरक कुठे पडला तेही पाहण्यासारखे आहे. तोफा आल्यावर इटलीतल्या स्थपतींनी किल्ला डोंगरावरून सपाटीवर उतरवला. भिंती बुटक्या आणि जाड केल्या, बुरूज बाणाच्या टोकासारखे केले, म्हणजे एका बुरुजावरून दुसऱ्याच्या पायथ्यापर्यंत मारा करता येईल. तो नमुना पोर्तुगीजांनी आपल्या किनाऱ्यावर आणला, आणि वसईच्या कोटाचे टोकदार बुरूज आजही ते दाखवतात. मावळात त्याची गरज पडली नाही. दोन हजार फुटांचा चढ हीच तोफेला पहिली अडचण. तोफा वर चढवायच्या, तर त्या सोंडेवरून. आणि सोंड गडवाल्यांच्या ताब्यात. म्हणून मराठ्यांनी तोफेला उत्तर दिले ते बुरुजाचा आकार बदलून नव्हे. तटाला दुहेरी केले आणि सोंडच ताब्यात घेतली. सान लिओचे पुढे पोपच्या राज्यात तुरुंग झाले, आणि काग्लिओस्त्रो नावाचा तोतया सरदार १७९५ मध्ये तिथल्या कोठडीत मेला. राजगडाच्या नशिबी मात्र वेगळी ओसाडी आली, तिच्याकडे मी लवकरच येतो.

गुणगान करताना उणीव झाकायची नाही, असे मी ठरवले आहे. राजगडाचा पसारा हाच त्याचा दोष आहे. अडीच किलोमीटरची एक माची, तिच्याहून आखूड पण तशीच निमुळती दुसरी, तिसरी रुंद आणि त्यावर बालेकिल्ला. एवढा तट राखायचा तर शिबंदी मोठी लागते, आणि रसदही तशीच. माणसे कमी पडली की दुहेरी तटालाही अर्थ उरत नाही. गड स्वतः लढला, पण पायथ्याची गावे उघडी होती. १६६५ मध्ये मोगल फौजांनी या परिसरातली गावे जाळली. पुरंदरच्या तहात २३ किल्ले गेले, राहिलेल्या १२ मध्ये राजगड आणि तोरणा होते. गड राहिले, पण मुलूख होरपळला. रायगडाला चहूबाजूंनी कडे, वर विस्तीर्ण पठार, समुद्र जवळ. राजधानी तिकडे गेली त्यामागे हा अनुभव असणार, असे मी या पुस्तकात मांडले आहे. मतभेद असेल तर त्याचे स्वागत आहे.

गडाची खरी परीक्षा झाली ती राजधानी हलल्यानंतर तीस-एक वर्षांनी. औरंगजेब स्वतः फौज घेऊन मावळात उतरला. १७०३ च्या डिसेंबरमध्ये राजगडाला वेढा पडला आणि १७०४ च्या फेब्रुवारीत गड मोगलांना मिळाला. त्याचे नाव बदलून नबीशहागड ठेवले गेले. लगेच मार्चमध्ये तोरणाही पडला, पण तो चढाई करून, लढून घेतला गेला. राजगडाच्या वेढ्याचा काळ पाहिला तर दोन-सव्वादोन महिने एका बादशहाची फौज एका डोंगराभोवती अडकून पडली होती. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर, १७०७ मध्ये, राजगड पुन्हा मराठ्यांकडे आला.

पुढचा काळ सचिवांचा. शंकराजी नारायणांच्या वंशजांकडे, म्हणजे भोरच्या पंतसचिवांकडे राजगड, तोरणा आणि रोहिडा आले. रोहिड्याला या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण दिले आहे, कारण भोरजवळचा हा लहान गड राजगडाची उलटी बाजू दाखवतो. आटोपशीर घेर, ओळीने तीन दरवाजे, दारावर मराठी आणि फारसी शिलालेख, आणि बुरुजांची नावे शिरवले, दामगुडे, वाघजाई अशी, खोऱ्यातली. राजगड राज्याने बांधलेला आणि रोहिडा खोऱ्याने सांभाळलेला, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. भोर संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. तोवर गडांचे लष्करी काम केव्हाच संपले होते. वाडे पडले, लाकूड गेले, चिरे सुटले. तट मात्र राहिला, आणि गो. नी. दांडेकरांसारख्या गडवेड्यांनी तो नव्या पिढीला दाखवला.

आता राजगड राज्य संरक्षित स्मारक आहे. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी. राजगड त्या अकरांत आहे. अभिमानाची गोष्ट, पण तिच्यामागून जबाबदारी येते. दुरुस्ती करताना सर्वांत मोठा धोका उत्साहाचा असतो. पडलेला तट नव्या चिऱ्यांनी, सिमेंटने चकाचक उभा केला तर तो दिसायला चांगला दिसेल, पण त्यातला पुरावा कायमचा जाईल. संजीवनीवरच्या बुजलेल्या दिंड्या, ढासळलेल्या जंग्या, मातीखाली गेलेली जोती ही वाचायची राहिलेली पाने आहेत. आधी मोजणी, मग नोंद, मग चुन्यातच डागडुजी, आणि जिथे शंका आहे तिथे हात न लावणे, हा क्रम पाळला गेला पाहिजे. संवर्धनाच्या कामात पायथ्याच्या गावांना बाजूला ठेवून चालणार नाही. गडावर ताक आणि पिठलं-भाकरी विकणाऱ्या बाईला कुठल्या टाक्याचे पाणी मेमध्ये आटते आणि कुठला चिरा मागच्या पावसात सुटला हे माहीत असते. तिची माहिती नोंदवहीत यायला हवी.

पुस्तकाची मांडणी सरळ आहे. पहिल्या भागात डोंगर आणि खोरी, दुसऱ्यात गडाचा कालक्रम, तिसऱ्यात माच्या, दरवाजे, पाणी आणि बालेकिल्ला यांची बांधणी, चौथ्यात तोरणा आणि रोहिडा यांच्याशी तुलना, आणि शेवटी संवर्धन. तिसरा भाग सर्वांत मोठा आहे, आणि तो घरी वाचून झाल्यावर गडावर पुन्हा वाचावा अशी माझी इच्छा आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी कालक्रमातल्या त्रुटी दाखवाव्यात. स्थापत्याच्या विद्यार्थ्यांनी माझी मोजमापे तपासावीत. दोघांनी मिळून एक काम मात्र लवकर करायला हवे : गडाच्या सगळ्या तटाची, दिंड्यांची आणि टाक्यांची अचूक मोजणी.

वाचकांना एवढेच सांगणे. राजगडावर जाल तेव्हा एकदा तरी चोरदरवाजा टाळून पाली दरवाजाने चढा आणि आळू दरवाजाने उतरा, म्हणजे गडाची मूळ रचना पायाला कळेल. संजीवनीवर दुहेरी तटाच्या मधल्या फटीत उतरून पाहा. तटावर नाव कोरू नका, चूल मांडायला चिरे हलवू नका आणि प्लास्टिक खाली घेऊन या. आणि कुठे काही ढासळलेले दिसले तर फोटो काढून पुरातत्त्व खात्याला कळवा. गड राखण्याच्या कामात आता शिबंदीची जागा वाचकांनीच घ्यायची आहे.